प्याद्याला नाव दिल्यावर

बुद्धिबळाच्या पटावर वजीर वाचवताना दोन प्यादी गेली तर कोणी हळहळत नाही. प्यादं असतंच त्यासाठी. डाव संपला की ते डब्यात जाऊन पडतं आणि पुढच्या डावाला पुन्हा त्याच घरात उभं राहतं. आता समजा, त्या प्याद्याला एक नाव आहे. धाकट्या बहिणीला गावात ठेवून ते लढाईवर आलंय. छावणीत त्याचं शेजारच्या घोडेस्वाराशी पटत नाही. गेल्या आठ लढायांत ते तुमच्याच हाताखाली तयार झालंय, आणि आज मेलं तर पुढच्या लढाईला डब्यातून परत येणार नाही. पट तोच, डाव तोच, पण आता त्याला पुढे ढकलताना बोट अडखळतं. पाळीपाळीने चाली करायच्या ज्या व्हिडिओ गेमना ‘स्ट्रॅटेजी आरपीजी’ किंवा ‘टॅक्टिकल आरपीजी’ म्हणतात, त्यांची सगळी ओढ आणि सगळी अवघड बाजू या अडखळण्यात आहे, असं माझं म्हणणं आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे आकडेमोडीचे खेळ वाटतात. आकडेमोड त्यांत भरपूर आहे, पण तो त्यातला सोपा भाग.

पटावरच्या लढाईचं मूळ भारतातल्या चतुरंगात आहे, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. बुद्धिबळात नशिबाला थारा नाही. सारीपाटात मात्र फासे पडल्याशिवाय सोंगटी हलत नाही. या दोन कुळांची सोयरीक १८२४ साली प्रशियाच्या लष्करातल्या फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने जुळवली. नकाशावर सैन्य मांडायचं आणि चकमकीत किती पडले ते फाशांनी ठरवायचं, असा त्याचा खेळ होता. खऱ्या सेनापतीला सगळंच आधी ठाऊक नसतं, ते पटावरही जाणवावं म्हणून फासे. पुढे दीडशे वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. छोट्या शिपायांच्या मूर्ती मांडून युद्ध खेळणाऱ्या हौशी मंडळींतूनच तो निघाला. फरक एवढाच, की आधी एक मूर्ती म्हणजे वीस जणांची तुकडी असे, ती आता एक माणूस झाली. त्या माणसाला नाव, स्वभाव आणि अनुभवाने वाढणारं बळ मिळालं. आरपीजी म्हणजे ‘रोल-प्लेइंग गेम’; त्यातला ‘रोल’ म्हणजे भूमिका, ती ही.

जपानमध्ये हेच वळण दोन वर्षांत, एकाच कंपनीत घडलेलं दिसतं. इन्टेलिजन्ट सिस्टिम्सने १९८८ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रासाठी ‘फॅमिकॉम वॉर्स’ केला. त्यातले शिपाई आणि रणगाडे निनावी. पैसे मोजले की नवे मिळत, मेले की पुन्हा मोजायचे. त्याच कंपनीतून २० एप्रिल १९९० रोजी शोझो कागा यांनी रचलेला ‘फायर एम्ब्लेम’ बाहेर पडला. त्यात प्रत्येक सैनिकाला नाव होतं, चेहरा होता, बोलायला चार वाक्यं होती, आणि पडलेला माणूस परत येत नव्हता. (शेवटाकडे एक जादूची काठी मिळते, पण ती एकदाच चालते.) नायक राजपुत्र मार्थ पडला तर खेळच खलास, बाकी कोणीही पडलं तरी गोष्ट त्याच्याशिवाय पुढे सरकते. नियमांत झालेला बदल दोन ओळींत सांगता येईल इतका लहान आहे, तरी एक वेगळा खेळप्रकार त्यावर उभा राहिला. पश्चिमेतले गेमर या नियमाला ‘पर्माडेथ’ म्हणतात.

एक पाळी जवळून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, रीत फायर एम्ब्लेमची. नदीवर अरुंद पूल. अलीकडे तुमची तलवारवाली, तिच्यामागे पोरसवदा तिरंदाज, शेजारी जखमा भरणारी जोगीण. पलीकडून कुऱ्हाडवाला पुलावर चढलाय. तलवारवालीचं बळ ७, तलवारीची धार ५, मिळून १२. कुऱ्हाडवाल्याचं चिलखत त्यातले ४ खातं, म्हणजे एका घावाला ८. ती त्याच्यापेक्षा चपळ असल्याने दोन घाव घालते, १६. त्याचा जीव २२. उरले ६. ते ६ तिरंदाज सहज घेईल, कारण चिलखताचा वाटा वजा करूनही त्याचा बाण ८ चा आहे. पण तिरंदाजाला बरोब्बर दोन घरांवरून नेम धरावा लागतो, आणि तसं रिकामं घर पुलाच्या डाव्या हाताला, उघड्या काठावर आहे. त्याच बाजूच्या उथळ पाण्यापलीकडे शत्रूचा घोडेस्वार उभा आहे. तो सात घरं पळतो आणि आठव्यावर भाला मारतो. मोजून पाहिलं तर तिरंदाज नेमका आठव्या घरात येतो. बरं, सगळेच मागे सरकले तर? पुलापलीकडच्या गावात लुटारू शिरलेत. दोन पाळ्यांत कोणी पोहोचलं नाही तर ते गाव जाळतील आणि तिथून मिळणारी मदतही जाईल. घोडेस्वाराचा नेम लागण्याची शक्यता पडद्यावर लिहिलेली आहे: ४५ टक्के. लागला तर तिरंदाज जातो.

इथे गणित संपतं. वरचा सगळा हिशोब पाचवीतलं पोर करील, आणि मशीन तो पडद्यावर आयता मांडूनही देतं. त्यापुढचा निर्णय मात्र हिशोबातून निघत नाही: गावासाठी या पोराचा जीव निम्म्या शक्यतेवर लावायचा का? निनावी शिपाई असता तर चुटकीसरशी उत्तर मिळालं असतं. हा पोरगा मात्र तिसऱ्या लढाईत धनुष्य नीट धरताही न येता आला होता. शिवाय या खेळात पातळी वाढताना कोणता गुण वाढेल हे नशिबावर असतं. प्रत्येक गुणाची टक्केवारी ठरलेली असते आणि दर वेळी फासे नव्याने पडतात. त्यामुळे तुमच्याकडचा तिरंदाज आणि दुसऱ्याच्या खेळातला तोच तिरंदाज सारखे निघत नाहीत. तुमचा हा तुमचाच. एखाद्या गोष्टीवर मेहनत घेतली की ती आपल्याला बाजारभावापेक्षा महाग वाटू लागते. कागा यांच्या खेळाने माणसाच्या या खोडीवर नेमकं बोट ठेवलं.

अमेरिकेतल्या फिरॅक्सिस कंपनीच्या २०१२ च्या ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ने हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सिद्ध केली. (ज्युलियन गॉलप यांच्या १९९४ च्या गेमचा हा नवा अवतार.) परग्रहवासीयांशी लढणाऱ्या या पथकात सैनिक भरती होतात ते जवळजवळ कोरे, त्यांना मिळतं ते एक नाव, चेहरा आणि खांद्यावर देशाचा झेंडा. पथकाला पैसा पुरवणाऱ्या सोळा देशांत भारतही आहे, त्यामुळे तिरंगा लावलेला नवशिका तुमच्या वाट्याला येऊ शकतो. लेखकाने त्यांना कहाणी दिलेली नाही. तरीही बढती मिळाली की सैनिकाला टोपणनाव मिळतं आणि मेला की तळावरच्या स्मारकभिंतीवर त्याची नोंद होते. खेळाडू काय करतात? सैनिकांना मित्रांची, भावंडांची नावं देतात, आणि मग त्यांना आडोशाबाहेर काढायला घाबरतात. म्हणजे कथा पुरवली नाही तरी नावाची जागा रिकामी ठेवणं पुरतं. उरलेलं माणूस स्वतः भरतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो नशिबाचा. जय-पराजय शेवटी फाशावर असेल तर बुद्धीचा खेळ कसला? ९५ टक्के शक्यता दाखवून नेम चुकवणारा एक्सकॉम हा तर जगभरच्या गेमरांच्या थट्टेचा आणि शिव्यांचा विषय आहे. गंमत अशी, की यातले बरेच गेम खेळाडूच्या बाजूने खोटं बोलतात. एक्सकॉमच्या सोप्या पातळ्यांवर नेम चुकत गेले की मागच्या मागे पारडं खेळाडूकडे झुकवलं जातं. फायर एम्ब्लेमने २००२ च्या भागापासून आणखी सफाईदार युक्ती काढली. पडद्यावर आकडा दिसतो ९०, पण मशीन एकाऐवजी दोन यादृच्छिक संख्या काढून त्यांची सरासरी धरतं. सरासरी नेहमी मधल्या आकड्यांकडे ओढली जाते, त्यामुळे ९० म्हणून दाखवलेला नेम प्रत्यक्षात ९८ टक्क्यांहून अधिक वेळा लागतो, आणि १० म्हणून दाखवलेला जेमतेम २ टक्के वेळा. ५० जवळजवळ ५० च राहतो. हे का केलं असावं? कारण माणसाला ९० म्हणजे ‘लागणारच’ वाटतं आणि १० म्हणजे ‘लागत नाही’. खेळाडूच्या मनातल्या संभाव्यतेशी जुळवून घ्यायला खऱ्या संभाव्यतेला मुरड घातली.

‘सिव्हिलायझेशन’चे जनक सिड मायर यांनी २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये असाच अनुभव सांगितला होता. तीनास एक अशी आघाडी असूनही हरलं की खेळाडू चिडायचे. तेच एकास तीन असताना जिंकले तर कोणाची तक्रार नसायची. दोनास एक असताना कधीतरी हरणं ते मान्य करत, पण वीसास दहा असताना हरणं मान्य नसे, गुणोत्तर तेच असूनही. तेव्हा नशिबाबद्दलची तक्रार पुष्कळदा नशिबाची नसते, आपल्या अंदाजाची असते. तरीही आक्षेप पुरता खोडून निघत नाही, हे कबूल करायला हवं. ज्याला फाशाची चीडच आहे त्याच्यासाठी सबसेट गेम्सचा २०१८ चा ‘इन्टू द ब्रीच’ आहे. बुद्धिबळासारखा आठ बाय आठचा पट, आणि शत्रू पुढच्या पाळीत कुठे घाव घालणार ते आधीच दाखवलेलं. नेम चुकणं हा प्रकार जवळपास नाहीच. गेम अप्रतिम आहे. पण तो खेळताना कोड्यासमोर बसल्यासारखं वाटतं. चुकलो तर चूक आपली, एवढंच. पुलावरच्या तिरंदाजाबाबत जी धाकधूक होते ती इथे नाही, कारण धाकधुकीला अनिश्चितता लागते आणि जीव लावायला माणूस लागतो. दोन्ही असल्याशिवाय या प्रकाराची खरी चव येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो खेळाडूंच्या वागण्यातूनच उभा राहतो. माणूस मेला की बहुतेक जण काय करतात? रीसेटचं बटण दाबतात. लढाई पहिल्यापासून. मग कायमच्या मृत्यूला अर्थ काय उरला? निर्माते गेली तीसेक वर्षं या एका बटणाशी झगडत आहेत. फायर एम्ब्लेमच्या पहिल्या भागाची नवी आवृत्ती २००८ मध्ये आली, तेव्हा त्यांनी उलटा डाव टाकला. साध्या पातळीच्या सुरुवातीलाच एका साथीदाराला आमिष म्हणून मागे सोडून जावं लागतं, आणि काही जादा लढाया उघडायच्या तर सैन्यात पंधरा किंवा त्याहून कमी माणसं उरलेली असावी लागतात. हेतू सरळ होता: नुकसान सोसणाऱ्याला बक्षीस. प्रत्यक्षात काय झालं, तर सगळ्यांना जपत आलेले खेळाडू जादा लढाया पाहण्यासाठी आपलीच माणसं मुद्दाम मरणाच्या तोंडी देऊ लागले. इतका फसलेला उपाय क्वचित सापडेल. त्यानंतर निर्मात्यांनी माघार घेतली. २०१० च्या भागात ‘कॅज्युअल’ पद्धत आली. तिच्यात पडलेला माणूस पुढच्या लढाईला उठून बसतो. तीच सोय २०१२ च्या ‘अवेकनिंग’मध्ये ठेवली. विक्री अडीच लाखांच्या खाली गेली तर मालिका बंद, अशा तंबीखाली तो गेम तयार होत होता, असं निर्मात्यांनीच नंतर सांगितलं. तो तुफान चालला आणि मालिका वाचली. पुढच्या भागांत, २०१९ च्या ‘थ्री हाउसेस’मध्येही, ठरावीक वेळा काळ मागे फिरवण्याची विद्याच खेळाडूच्या हाती दिली.

जुन्या खेळाडूंना हा भ्रष्टाचार वाटतो. मला तसं वाटत नाही. काळ मागे फिरवण्याला मर्यादा घातली की ती संधीही सैनिकासारखीच जपून वापरायची वस्तू होते. कोणती चूक पुसायची आणि कोणती सोसायची, हा नवा प्रश्न उभा राहतो. बिनमर्यादेचं रीसेट मात्र खेळ पातळ करतं, यात शंका नाही. पण रीसेट करणारा माणूस नियमाला निरर्थक ठरवतो, हा युक्तिवाद अर्धवट आहे. ज्याचं काही वाटत नाही त्यासाठी कोणी पाऊण तासाची लढाई पुन्हा लढत नाही. बटण दाबलं जातं हाच मुळी त्या मृत्यूचा घाव लागल्याचा पुरावा. आणि दुसऱ्या टोकाला ‘आयर्नमॅन’ खेळणारे आहेतच. एक्सकॉममध्ये ही पद्धत निवडली की जतन केलेला डाव एकच राहतो, मागे जाता येत नाही. हरलेल्या मोहिमांच्या कहाण्या हे लोक जिंकलेल्यांपेक्षा जास्त रंगवून सांगतात.

संथपणाची तक्रार मी फार मनावर घेत नाही. हो, एका लढाईला तास लागतो. पण पाळी तुमची असताना घड्याळ थांबलेलं असतं, आणि हेच या खेळांचं मोठं औदार्य आहे. बोटांचा वेग लागत नाही. साठीतल्या माणसालाही खेळता येतं, हात थरथरणाऱ्यालाही. मधेच कुकरची शिट्टी झाली तर उठून जाता येतं. बाजारात संथ गोष्ट चालत नाही म्हणणाऱ्यांनी बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ पाहावा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्याच नियमांवर उभा, लढाया पाळीपाळीने, फासा पडद्यावर खणखणत फिरतो, आणि २०२३ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला तो हाच.

युद्धाला करमणूक केल्याचा आरोप उरतो. इतर प्रकारांवर तो लागू असेल. इथे मला क्वेस्ट कंपनीचा १९९५ चा ‘टॅक्टिक्स ओग्र’ आठवतो. यासुमी मात्सुनो यांनी रचलेला. सुरुवातीच्या काही लढायांनंतर नायक डेनमला त्याच्याच पक्षाकडून हुकूम येतो: बाल्मामुसा गावातले आपल्याच जमातीचे लोक बंडाला उठत नाहीत, तेव्हा त्यांना कापून काढायचं आणि दोष शत्रूवर ढकलायचा, म्हणजे बाकीची जमात पेटून उठेल. हो म्हणायचं की नाही, हे खेळाडूने ठरवायचं. हो म्हणालात तर जिवाभावाचा मित्र साथ सोडतो. नाही म्हणालात तर तोच मित्र हुकूम मानणाऱ्यांत जातो आणि कत्तलीचा ठपका तुमच्यावर येतो. गाव दोन्ही वाटांनी जळतं. इथे हिशोब मांडायला आकडा नाही, टक्केवारी नाही. तोपर्यंत प्रत्येक चालीत ‘एकाच्या बदल्यात अनेक’ असा हिशोब करून सरावलेल्या खेळाडूपुढे तोच हिशोब उघडा करून ठेवलाय, आणि तो आपल्या तोंडून वदवून घेतलाय. बंदुकीच्या गेममध्ये हे साधणं कठीण, कारण तिथे विचार करायला पाळी येत नाही.

हे खेळ सगळ्यांना आवडतील असं नाही. पहिले दोन तास सूचना वाचण्यात जातात, चिन्हांचा आणि आकड्यांचा गुंता डोळ्यांपुढे नाचतो, आणि काही मालिकांच्या कथा इतक्या बाळबोध असतात की लढायाच बऱ्या वाटतात. पण चाखून पाहायला पैसे लागत नाहीत. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवलाय. तो फुकट उतरवून घेता येतो आणि साध्या संगणकावर चालतो. पट षटकोनी घरांचा, शिपाई जंगलात सुरक्षित आणि उघड्यावर कच्चा, अनुभवी माणूस पुढच्या लढाईला पुन्हा बोलावता येतो, मेलेला नाही. नवख्यांसाठी त्यात ‘अ टेल ऑफ टू ब्रदर्स’ नावाची चारच लढायांची मोहीम आहे. भरती झालेल्या प्रत्येक शिपायाला खेळ आपणहून नाव देतो, आणि ते बदलताही येतं. एखाद्या भालेकऱ्याला ओळखीचं नाव द्या. तो पडला तर मागचा जतन केलेला डाव उघडू नका. निदान पहिल्या मोहिमेपुरतं तरी.